काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर: अमेरिकेत पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना इतिहासाची, यंत्रांची किंवा नेमबाजीची ओढ आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कोल्ट आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत जी रिव्हॉल्व्हरं बनवली, त्यांच्या चालत्या प्रतिकृती आज इटलीत तयार होतात आणि अमेरिकेत सहज मिळतात. त्यांत धातूचं काडतूस नसतं. कोकणात कुणाच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक पाहिली असेल, तर तंत्र लगेच समजेल: आधी दारू, वर गोळी, मग ठासणी आणि शेवटी मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी. इथे हेच सगळं सिलिंडरच्या सहा घरांत एकेक करून करायचं असतं.

या हत्याराचा सगळा खेळ क्रमाचा आहे. क्रम पाळला तर ते गुणी आणि सुरक्षित आहे. घाई केली तर मात्र नाही. म्हणून खरेदीपासून धुण्यापर्यंत ज्या क्रमाने गोष्टी कराव्या लागतात, त्याच क्रमाने सांगतो.

आधी कायदा

पैसे भरण्याआधी हा भाग वाचा. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ पर्यंत बनलेली हत्यारं 'अँटिक' ठरतात. त्यांच्या ज्या प्रतिकृतींत आधुनिक काडतूस चालत नाही, त्याही याच गटात येतात. केंद्राच्या व्याख्येत त्या 'फायरआर्म' नाहीत, म्हणून बऱ्याच राज्यांत असं रिव्हॉल्व्हर टपालाने थेट घरी येतं.

पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि आपली माणसं जिथे सर्वांत जास्त आहेत तिथेच ते कडक आहेत. न्यू जर्सीत अशा रिव्हॉल्व्हरलाही इतर हँडगनसारखाच खरेदी परवाना लागतो. न्यूयॉर्कमध्ये नुसतं शोभेला ठेवणं वेगळं आणि दारू-गोळीसकट बाळगणं वेगळं; दुसऱ्यासाठी परवाना लागतो. एडिसनमध्ये राहणाऱ्याने टेक्सासमधल्या मित्राचं ऐकून ऑर्डर देऊ नये. आपल्या राज्याचा नियम राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर वाचावा आणि शंका असेल तर वकिलाला विचारावं.

व्हिसाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना थोडे अपवाद सोडता केंद्रीय कायद्याने फायरआर्म बाळगता येत नाही. अँटिक त्या व्याख्येबाहेर आहे, हे खरं. पण राज्याच्या कायद्यात तेच रिव्हॉल्व्हर फायरआर्म ठरू शकतं, आणि हत्याराशी संबंधित गुन्ह्याचा परिणाम थेट इमिग्रेशनवर होतो. माझं स्पष्ट मत आहे: ग्रीन कार्ड हातात नसेल, तर इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय खरेदी करू नका. तोवर ज्याच्याकडे आहे त्याच्याबरोबर रेंजवर जाऊन नुसतं पाहिलं, तरी खूप शिकता येतं.

भारतात न्यायचा विचार मनातही आणू नका. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात स्फोटक द्रव्याच्या जोरावर गोळी फेकणारं हत्यार म्हणजे बंदूकच. १८६० सालचं डिझाइन आहे म्हणून सवलत नाही. दारू आणि केप तर विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत, अगदी अमेरिकेतल्या अमेरिकेतही.

कोणतं घ्यावं

बाजारात ढीगभर नावं दिसतील, पण नवशिक्याने तीनच पाहावीत.

१८५१ चं कोल्ट नेव्ही ०.३६ कॅलिबरचं आहे: हातात हलकं, तोल सुरेख, धक्का कमी. अमेरिकन पश्चिमेतला नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक याने बराच काळ ज्यांवर भरवसा ठेवला ती हीच. सिलिंडरवर गोल फिरणारं एक चित्र कोरलेलं असतं, १६ मे १८४३ च्या कँपेचीच्या आरमारी लढाईचं. त्यात टेक्सासची आणि मेक्सिकोची जहाजं समोरासमोर आहेत. प्रतिकृतींवरही ते असतं. सिलिंडर उजेडात धरून हळूहळू फिरवला की शिडं, डोलकाठ्या आणि धुराचे लोट एकामागून एक समोर येतात.

१८६० चं कोल्ट आर्मी ०.४४ चं. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या घोडदळाचं हे आवडतं हत्यार; दोन लाखांच्या आसपास बनली. ठासणीचा दांडा नळीखाली इतका सफाईने बसवलेला आहे की तिन्हींत हे सर्वांत देखणं दिसतं.

रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीला लोक '१८५८ चं' म्हणतात, कारण नळीवर त्या सालच्या पेटंटची तारीख असते. प्रत्यक्ष उत्पादन पुढे १८६० च्या दशकात झालं. याचं वैशिष्ट्य म्हणजे सिलिंडरच्या वरून जाणारी पोलादी पट्टी. कोल्टची चौकट वरून उघडी असते आणि नळी एका पाचरीने अडकवलेली असते. रेमिंग्टनची चौकट बंद, एकसंध. ठासणीचा दांडा खाली करून पिन पुढे ओढली की सिलिंडर बाजूने बाहेर येतो.

पहिलं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला मी रेमिंग्टनच सुचवतो. त्याची नेम धरायची खाच चौकटीतच कोरलेली असते, त्यामुळे ती हलत नाही. कोल्टमध्ये ती खाच घोड्याच्या (केपवर आदळणाऱ्या हातोडीच्या) टोकावर असते. शिवाय फुटलेल्या केपचे तुकडे यंत्रात जाऊन अडकण्याचा त्रास रेमिंग्टनमध्ये कमी होतो. रूपाने मात्र कोल्ट उजवं, यात वाद नाही. दुसरं घ्याल तेव्हा कोल्ट घ्या.

पितळी चौकटीचं स्वस्त मिळतं आणि चकाकतं, पण घेऊ नका. पितळ मऊ असतं. जास्त दारूचे बार काढत राहिलात की चौकट हळूहळू ताणते, सिलिंडर मागेपुढे खेळू लागतो, आणि त्यावर धड दुरुस्ती नाही. पोलादी चौकटीसाठी थोडे पैसे जास्त जातील, तेवढे जाऊ द्या.

बनवणारी दोन नावं मोठी: उबेर्टी आणि पिएत्ता. दोघांचे कारखाने उत्तर इटलीत ब्रेशिया शहराच्या परिसरात आहेत, जिथे बंदुका बनवण्याची परंपरा काही शतकांची आहे. उबेर्टीची सफाई थोडी वरची, पिएत्ता थोडं स्वस्त. दोन्ही विश्वासाची. नळीवर 'ब्लॅक पावडर ओन्ली' असा शिक्का असतो. त्याच्या आसपास इटलीच्या सरकारी चाचणीगृहाचे बारीक ठसे आणि चौकोनात दोन अक्षरं दिसतात. त्या अक्षरांवरून चाचणीचं साल कळतं. जुनं घेताना हे साल जरूर पाहा.

दुकानात हातात घेतल्यावर, आणि रिकामं आहे याची स्वतः खात्री केल्यावर, काय तपासायचं? घोडा सावकाश मागे ओढा. तो पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर फिरून 'टक्' करून जागेवर बसला पाहिजे. मग सिलिंडर बोटांनी हलवून पाहा. अगदी किंचित खेळ चालतो, डुगडुगता नको. पूर्ण ओढलेल्या घोड्यावर अंगठ्याने पुढे दाब द्या. चाप न ओढता घोडा सुटला तर ते रिव्हॉल्व्हर तिथेच ठेवा. घोडा अर्धा ओढला की सिलिंडर मोकळा फिरायला हवा. हे सगळं सहाही घरांसाठी करा. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

बरोबर काय लागतं

दारू. खरी काळी दारू घ्यायची तर 'तीन एफ', म्हणजे बारीक दाण्याची, रिव्हॉल्व्हरसाठी तीच. ती सगळीकडे मिळत नाही, कारण साठवणुकीचे नियम कडक आहेत. पायरोडेक्स पी किंवा ट्रिपल सेव्हन हे पर्याय खेळाच्या सामानाच्या दुकानांत सहज मिळतात. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस आहे, म्हणून मापाने साधारण १५ टक्के कमी घालतात. एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा: आधुनिक काडतुसांतली धूररहित पावडर यात कधीही घालायची नाही, चिमूटभरही नाही, मिसळूनही नाही. तिचा दाब ही चौकट झेलू शकत नाही. सिलिंडर हातात फुटतो.

दारू मापाने घालतात, वजनाने नाही. पितळी माप मिळतं, त्यावर ग्रेनच्या खुणा असतात. ०.३६ साठी १५ ग्रेन आणि ०.४४ साठी २२ ते २५ ग्रेन ही चांगली सुरुवात आहे. वरची मर्यादा आपल्या रिव्हॉल्व्हरच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते, ती ओलांडायची नाही. एका पौंडात ७००० ग्रेन असतात, म्हणजे २५ ग्रेनच्या हिशेबाने एका डब्यात २८० बार. पहिल्या वर्षाला एक डबा भरपूर झाला.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची आणि गोल. ०.४४ म्हटलं तरी गोळी ०.४५१ किंवा ०.४५४ इंच व्यासाची लागते, आणि ०.३६ ला ०.३७५ किंवा ०.३८० ची. पुस्तिकेत सांगितलेलाच आकार घ्या. गोळी घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असते, आणि असायलाच हवी. कारण पुढे येतं.

केप १० आणि ११ अशा दोन क्रमांकांत मिळतात. कोणती घट्ट बसते ते निपलवर, म्हणजे सिलिंडरमागे केप बसवायच्या पोकळ खुंटीवर, अवलंबून असतं. दोन्हींची एकेक डबी घ्या आणि रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर लावून बघा.

याशिवाय मेण-चरबीत भिजवलेल्या फेल्टच्या चकत्या, निपलचा पाना, सफाईचा गज आणि चिंध्या, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. कपडे सुती घाला. ठिणगी सिंथेटिक कापडाला चिकटते.

बार भरणे

रेंज निवडताना आधी फोन करून विचारा. बंदिस्त रेंजवर धुरामुळे काळी दारू बऱ्याचदा चालत नाही. उघड्यावरची रेंज उत्तम.

१. रिव्हॉल्व्हर कारखान्यातून तेलात न्हालेलं येतं. घरं आणि निपल कोरडे पुसून घ्या. मग दारू-गोळी न घालता सहाही निपलांवर केप लावा आणि फायरिंग लाइनवर उभं राहून, नळी समोरच्या गवताच्या पात्याजवळ नेऊन, एकेक केप उडवा. प्रत्येक वेळी पातं हललं पाहिजे. हललं म्हणजे निपलपासून घरापर्यंतची वाट मोकळी आहे. नाही हललं, तर त्या घरात तेल आहे, परत पुसा. पहिल्या दिवशी बार न पेटण्याची बहुतेक कारणं इथेच मिटतात.

२. फुटलेल्या सगळ्या केप काढून टाका. घोडा अर्धा ओढा, नळी आकाशाकडे आणि स्वतःपासून दूर ठेवा.

३. दारूच्या डब्यातून किंवा फ्लास्कमधून (दारू बरोबर न्यायच्या छोट्या बाटलीतून) थेट घरात ओतायची नाही. आधी मापात, मग मापातून घरात. आधीच्या बारातली एखादी ठिणगी घरात राहिलेली असेल, तर पेटलेले २५ ग्रेन हात भाजतील. पेटलेला फ्लास्क म्हणजे बॉम्ब. फ्लास्कचं झाकण लावून तो बाजूला ठेवा, मगच पुढे जा.

४. दारूवर फेल्टची चकती अंगठ्याने बसवा.

५. गोळी घराच्या तोंडावर ठेवा, सिलिंडर फिरवून ती दांड्याखाली आणा आणि दांडा एकसारखा दाबा. गोळी आत जाताना तिच्या कडेचं शिसं सोललं जातं आणि अंगठीसारखं बारीक वर्तुळ बाहेर पडतं. ते पूर्ण, अखंड वर्तुळ दिसायला हवं. दिसलं म्हणजे गोळीने घर सगळीकडून बंद केलं. अर्धंच सोललं, तर गोळी लहान आहे किंवा वाकडी बसली आहे.

६. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर दाब वेडावाकडा चढतो. कमी दारू भरल्याने गोळी फार खोल जात असेल, तर दारूवर बारीक रवा घालतात. होय, आपला उपम्याचाच. युरोपातले स्पर्धक नेमबाज तोच वापरतात; इथले लोक मक्याचं पीठ किंवा क्रीम ऑफ व्हीट. रव्याने गोळी घराच्या तोंडाजवळ येते आणि नेम सुधारतो. मात्र रवा दारूच्या वर आणि गोळीच्या खाली. दारूत मिसळायचा नाही.

७. पाचच घरं भरा. सहावं रिकामं, आणि घोडा त्यावर टेकलेला. शंभर वर्षांहून जुनी ही रीत आहे आणि आजही तीच चांगली.

८. केप सर्वांत शेवटी. फायरिंग लाइनवर, नळी लक्ष्याकडे असताना, रेंज ऑफिसरने परवानगी दिल्यावर. केप निपलवर बोटाने किंवा लाकडी काडीने दाबून घट्ट बसवा. घोड्याने ठोकून नव्हे.

आता ज्याची नवशिक्यांना सर्वांत भीती वाटते ते: एक बार उडताना शेजारच्या घरातलाही पेटणे. असं क्वचित होतं, पण होतं. समोरून ज्वाला सैल गोळीच्या कडेने आत शिरते, किंवा मागून सैल केपमधून. अखंड शिशाचं वर्तुळ, तेलकट चकती आणि घट्ट केप या तिन्ही गोष्टी सांभाळल्या तर दोन्ही वाटा बंद होतात. म्हणूनच वर त्या इतक्या बारकाईने सांगितल्या. आणि दुसरा हात आधाराला लावताना बोटं कधीही सिलिंडरच्या पुढे नेऊ नका; सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून प्रत्येक बाराला तापलेला वायू बाजूला फेकला जातो.

बार काढणे

दहा यार्डांवर मोठा कागद लावा. कोल्ट घेतलं असेल तर गोळ्या नेमाच्या बऱ्याच वर लागतील. ते लांबच्या नेमासाठी बनवलेलं आहे. खाली नेम धरायची सवय करा. रेमिंग्टनच्या टोकावरची माशी (नळीवरची पुढची नेमखूण) बहुधा उंच असते आणि गोळी कुठे पडते ते पाहून थोडी घासता येते. पण आधी चार-पाच वेळा रेंजवर जाऊन या, मग कानस हातात घ्या.

चाप ओढला की आवाज बंदुकीच्या 'फट्'सारखा नसतो, भरदार 'धुम' असतो. समोर पांढरा ढग उठतो आणि लक्ष्य क्षणभर दिसत नाही. वास थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा, कारण मसाला तोच: सोरा, गंधक आणि कोळसा. पुढच्या बारासाठी घोडा ओढताना नळी वर उचला, म्हणजे फुटलेली केप बाहेर पडते, यंत्रात शिरत नाही.

केप फुटली पण बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबा. कधीकधी दारू उशिरा पेटते. मग नवी केप लावून पुन्हा प्रयत्न करा. भरलेलं घर घेऊन रेंजवरून निघायचं नाही. शेवटचा बार काढूनच सामान आवरायचं.

शिकायला माणसं मिळतात, आणि ती फार मोकळ्या मनाने शिकवतात. नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन १९३३ पासून हेच काम करते. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी त्यांचे राष्ट्रीय सामने भरतात. व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशनचं मैदान आहे, तिथे यादवी युद्धाच्या काळातल्या हत्यारांचे सांघिक सामने होतात. वॉशिंग्टन परिसरातल्या मंडळींना ते गाडीने जाण्याजोगं आहे. एक दिवस नुसते प्रेक्षक म्हणून जा. तुमच्या तळहातावर गोळी ठेवून, तिला तेल का लावायचं ते समजावणारा कुणीतरी आजोबा भेटेलच.

त्याच संध्याकाळी धुणं

काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो. त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पोलाद एका रात्रीत गंजू लागतं. दमून घरी आल्यावर ज्याला हे काम करवणार नाही, त्याने हे रिव्हॉल्व्हर घेऊ नये, असं मी कळकळीने सांगतो.

काम सोपं आहे. लाकडी मूठ काढून ठेवा. सिलिंडर काढा, निपल पान्याने सोडवा. एका वेगळ्या बादलीत कढत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. बादली याच कामाची ठेवा. शिशाचा अंश असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातलं भांडं किंवा सिंक वापरायचं नाही. नळी आणि घरं ब्रशने घासा. पाणी आधी काळंकुट्ट होतं, मग करडं. निवळ येईपर्यंत बदलत राहा. शेवटचं पाणी कढतच घ्या, म्हणजे तापलेलं पोलाद आपसूक वाळतं. पूर्ण कोरडं झाल्यावर बॅलिस्टॉलसारख्या तेलाचा पातळ हात आत-बाहेर फिरवा. निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावूनच परत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी ते जाम होतील. हात साबणाने धुवा, मगच चहाला बसा.

दोन दिवसांनी पांढरी चिंधी नळीतून फिरवा. तांबूस डाग आला तर पुन्हा धुवा आणि पुन्हा तेल द्या.

रिव्हॉल्व्हर रिकामं आणि कुलपात, घरात मुलं असोत वा नसोत. दारू तिच्या मूळ डब्यातच, कोरड्या आणि थंड जागी, गॅस-हीटरपासून लांब. केप दुसऱ्या खोलीत.